मिस्टर हयात आहेत का?

“मॅडम, तुमचे मिस्टर हयात आहेत न?”

पीएफ ऑफिसच्या काउंटरमागच्या साहेबांनी हे इतक्या सहज विचारलं की मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, रांगेतल्या दुसऱ्या कुणा बाईला विचारत असतील. प्रश्न मलाच होता. मिस्टर हयात होते. तासाभरापूर्वीच त्यांनी मला गाडीवरून सोडलं होतं आणि “बाटली घेतली का?” असं विचारून ते कामाला गेले होते. मे महिन्यात नागपुरात बाटलीशिवाय घराबाहेर पडणाऱ्याला आमच्याकडे शहाणं समजत नाहीत.

“हो, आहेत की,” मी म्हटलं.

“मग तुमचं नाही बसत जी ह्यात.” त्यांनी माझ्या फाइलमधला एक कागद अलगद बाजूला काढला. “भाऊ आहे म्हणता. वय? चाळीस. म्हणजे सज्ञान. तोही नाही बसत. अजून कोणी आहे का?”

“मोठी बहीण आहे.”

“त्यांचे मिस्टर?”

मी जरा थांबले. “नाहीत. २०२१ मध्ये गेले.”

“मग झालं न,” साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच मोकळा झाला होता. गाठ सुटली की होतो तसा. “त्या वारस.”

ही सगळी भानगड सुरू झाली एका चिठ्ठीपासून. आई २०२२ मध्ये गेली. त्यानंतर रेशीमबागेतलं घर दोन वर्षं तसंच बंद होतं. २०२४ च्या दिवाळीआधी दादा पुण्याहून आला आणि आम्ही दोघांनी घर आवरायला काढलं. गोदरेजच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्याला आईने वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. ते उचललं तर त्याखाली आणखी एक, त्याहून जुनं, आणि त्याच्याही खाली चार घड्या घातलेला पिवळट कागद. घडी उघडली तर आतून पांढरी भुकटी सांडली. दादा म्हणाला, वाळवी. मी बोटाला लावून पाहिली. पीठ होतं.

बाबांची पिठाची गिरणी होती. आमच्या घरातल्या प्रत्येक कागदाच्या घडीत पीठ सापडतं, अगदी माझ्या दहावीच्या मार्कशीटच्या लॅमिनेशनमध्येही कडेला एक पांढरी रेघ अडकलेली आहे. त्यामुळे पिठाचं नवल वाटलं नाही. नवल कागदाचं वाटलं. ती १९९१-९२ सालची पीएफची वार्षिक चिठ्ठी होती. वर एमएच, तिरपी रेघ, पाच आकडे, तिरपी रेघ, तीन आकडे असा खाते क्रमांक. खाली शिल्लक ८,९१२ रुपये. व्याज १२ टक्के. (हो, १२ टक्के. १९८९-९० पासून २००० सालापर्यंत पीएफवर तेवढं व्याज मिळत होतं. आज सव्वाआठ मिळालं तरी आपण पेढे वाटतो.)

गिरणीच्या आधी बाबा नोकरीला होते, हे मला फक्त ऐकून माहीत. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात १९८२ पासून दहा वर्षं. रोज सायकलने रेशीमबाग ते हिंगणा आणि परत. १९९२ च्या दिवाळीत बोनसऐवजी फाटकाला कुलूप मिळालं. मी तेव्हा दोन वर्षांची. पैसे काढायचे तर फॉर्मवर मालकाची सही हवी, आणि मालक सापडेना. बाबांनी दोन-तीन खेटे घातले आणि सोडून दिलं, असं दादाला अंधुक आठवत होतं. आई विचारायची तेव्हा ते म्हणायचे, “गेले ते.” पुढे विषय बंद.

कारखाना तीन वर्षं आणखी टिकता तर बाबा पेन्शन योजनेतही आले असते. ती लागू झाली १६ नोव्हेंबर १९९५ ला. पण जर-तरच्या गोष्टींवर गिरणीचा पट्टा फिरत नाही, हे त्यांचंच वाक्य.

अशा खात्यांना लोक ‘विसरलेली खाती’ म्हणतात. माझा ह्या शब्दावर विश्वास नाही. विसरलेला कागद रद्दीत जातो. हा तीन घरं बदलून, दोन वर्तमानपत्रांच्या खाली, चार घड्यांत जपलेला होता. बाबांना तो ठाऊक होता. दर दिवाळीला कपाटाचा कागद बदलताना आईलाही तो दिसत असणार, आणि तिने तो दरवेळी पुन्हा तिथेच ठेवला असणार. दोघांनी मिळून काहीतरी न बोलता ठरवलेलं होतं. आम्ही ते मोडलं.

आता नावाची गंमत. बाबांचं नाव वासुदेव. चिठ्ठीवर ते इंग्रजीत डब्ल्यूने सुरू होत होतं आणि शेवटी डी-ई-ओ. ही आमची वैदर्भी पद्धत. नागपूर १९५६ पर्यंत वेगळ्याच प्रांताची राजधानी होतं, आणि आमचं इंग्रजीही वेगळंच राहिलं. वर्धा डब्ल्यूने, वाशीम डब्ल्यूने, वरोरा डब्ल्यूने; नामदेव, महादेव, सुखदेव, सगळ्यांच्या शेवटी ‘ओ’. पुण्या-मुंबईकडची माणसं तो उच्चार ‘नामदेओ’ असा करतात तेव्हा आम्हांला आतून फार हसू येतं. पण आधार कार्ड काढताना केंद्रावरच्या पोराने व्ही दाबला आणि शेवटीही व्ही. बाबांनी पाहिलं, “चालते,” म्हणाले. मृत्यूचा दाखला आधारवरून निघाला. म्हणजे कारखान्यात राबला तो एक वासुदेव आणि २०१९ मध्ये वारला तो दुसराच, असं कागदांचं म्हणणं होतं.

जिवंत माणसाला राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलता येतं. मेलेल्याला ती सोय नाही. त्याच्या वतीने कुणीतरी शपथेवर सांगावं लागतं की हे दोन्ही एकच.

खाते क्रमांक जुना, यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) नाही. तो प्रकार आलाच २०१४ मध्ये. ऑनलाइन काही होईना, म्हणून मी चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन ऑफिस गाठलं. तिथल्या माणसांबद्दल तक्रार करायला मला जागा नाही. एका साहेबांनी तर “जुनं आहे, वेळ लागेल” म्हणून सांगून खरोखर शोधून काढलं. दोन आठवड्यांनी गेले तेव्हा त्यांनी खात्याची शिल्लक सांगितली आणि सोबत बाबांच्या नॉमिनेशनचा फॉर्म दाखवला.

तो मी बराच वेळ पाहत उभी होते. १९८२ सालचा फॉर्म, बाबा सत्तावीस वर्षांचे, लग्न व्हायचं होतं. मराठीत भरलेला. बाबा सगळी अक्षरं आधी लिहून घ्यायचे, बिनडोक्याची, आणि मग शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच झटक्यात शिरोरेघ ओढायचे. गिरणीच्या पाटीवर ‘दळण’ असंच लिहिलेलं होतं, रेघ ‘ण’च्या पुढे बोटभर गेलेली. इथेही तशीच. नॉमिनीच्या रकान्यात माझ्या आजीचं नाव. नातं: आई. वाटा: संपूर्ण. ‘संपूर्ण’वरची रेघ रकाना ओलांडून शेजारच्या रकान्यात शिरलेली.

आजी १९९७ मध्ये गेली. तसंही पीएफमध्ये लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर बाद धरतात. पण लग्नानंतर तीन पोरं झाली, मग कारखाना बंद पडला; फॉर्म बदलायला जाणार कोण आणि कुठे?

नॉमिनी नसला की १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेतला परिच्छेद ७० लागू होतो. सुरुवातीला सांगितलेला साहेबांचा तो प्रश्न तिथून आला. मी घरी येऊन मूळ मजकूर शोधून वाचला, तीनदा वाचला. पैसे कुटुंबातल्या माणसांना सारखे वाटून द्यायचे, इथपर्यंत ठीक. पुढे म्हटलंय, सज्ञान मुलग्यांना वाटा नाही. आणि जिचा नवरा जिवंत आहे अशा लग्न झालेल्या मुलीलाही नाही. हे दोघे वगळून कुटुंबात दुसरं कुणी असेल, तर सगळं त्यांचं. दुसरं कुणीच नसेल, तरच ह्या वगळलेल्यांचा नंबर.

आई असती तर वाटा तिलाही होता. आई नाही. मग ताईचा नवरा असता, तर आम्ही तिघंही वगळलेले, म्हणून तिघंही आत. प्रत्येकी एक तृतीयांश. भाऊजी गेले, म्हणून ताई एकटी वारस.

संध्याकाळी मी हे नवऱ्याला समजावून सांगितलं. तो कूलरमध्ये पाणी भरत होता. पाइप हातात धरून त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “माझ्या असण्याचा असा रोख तोटा आजवर कुणी काढून दाखवला नव्हता.” आम्ही दोघं हसलो. मग त्या रात्री मी त्याच्या पीएफचं पोर्टल उघडून पाहिलं. नॉमिनी त्याची आई. लग्नाला चौदा वर्षं झाली. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि १९८२ चा तो फॉर्म आठवून मिटून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चहाच्या आधी बदलायला लावलं.

मला राग आला होता, हे कबूल करते. गिरणी बंद झाल्यावर बाबांच्या डायलिसिसच्या फेऱ्या मी केल्या. चिठ्ठी मी सापडवली, रांगेत मी उभी राहिले. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, त्यावर मी कॉलेजात भाषण ठोकून बक्षीस घेतलेलं आहे. आणि इथे माझी गणती कशावरून, तर नवरा श्वास घेतो की नाही ह्यावरून. तो कमावतो का, मला देतो का, हेसुद्धा कुणी विचारत नाही.

थोड्या दिवसांनी राग निवला, पुरता नाही. हा पैसा म्हणजे शेत किंवा घर नाही. कामगार गेला तर उद्या त्याच्या घरात चूल कोणाची विझेल, एवढंच बघून १९५२ साली कुणीतरी ही यादी केली. मोठा मुलगा कमावेल, लग्न झालेली पोर सासरी जेवेल, विधवा होऊन परत आलेली मात्र बापाच्याच दारात. त्या काळच्या नागपुरातल्या गिरणी कामगारांच्या चाळींत हे हिशेब बरोबरच असतील. एम्प्रेस मिल तेव्हा जोरात होती आणि बापाच्या घरी परतलेल्या आत्या घरोघरी होत्या. पण सत्तर वर्षं झाली. माझी ताई वर्ध्याला एका खाजगी शाळेत शिकवते, पोराला एकटीने वाढवते. ती कुणाच्या दारात परत आलेली नाही. आम्हां तिघांत सगळ्यांत कमी ‘आश्रित’ तीच असेल.

तिला फोनवर हे सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. मी नियम सांगत गेले, ती “हं, हं” करत गेली. कोणते कागद लागतील ते सांगताना मी भाऊजींच्या दाखल्याचं सगळ्यांत शेवटी म्हटलं. पलीकडे मागे कुकरची शिट्टी झाली. मग ताई म्हणाली, “बाबाच्या पैशासाठी ह्यांचा दाखला?” मी काही बोलले नाही. “किती प्रती?” तिने विचारलं.

ती सकाळच्या गाडीने आली. आम्ही सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाबाहेरच्या झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे गेलो. पूर्वी हे काम शंभराच्या स्टॅम्पपेपरवर व्हायचं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा लागायला लागला. दोन प्रतिज्ञापत्रं करायची होती, एक दोन्ही वासुदेव एकच असल्याचं आणि एक कुटुंबात कोण कोण आहे त्याचं. टायपिस्टकाका सरावलेले, आमच्याशी बोलता बोलता बोटं चालू. पान बाहेर आलं तर दुसऱ्या ओळीत ‘मी, सौ.’ आणि पुढे ताईचं नाव. सवयीने झालं. ताईच्या कपाळावर टिकली होती, गळ्यात बारीक चेन. त्यांचा काय दोष.

मी म्हटलं, काका, ‘सौ.’ नाही. त्यांनी ताईकडे पाहिलं आणि एकदम गडबडले. “माफ करा जी माय. पेपर वाया जाईल, पाचशेचा आहे, हातानेच करून देऊ का?” त्यांनी निळ्या पेनने ‘सौ.’वर एक आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरांत ‘श्रीमती’ लिहिलं. “खाडाखोड झाली, शेजारी सही करा.”

ताईने पेन घेतलं. त्या रेघेच्या बाजूला इवल्याशा जागेत तिने नाव लिहिलं, बिनडोक्याचं, आणि मग एका झटक्यात वरून रेघ ओढली. रेघ समासाबाहेर गेली. चार वर्षांत तिला ‘सौ.’ खोडताना मी पाहिलं नव्हतं. आपोआप गळून पडलं असेल असं मी धरून चालले होते.

मग आम्ही तर्री पोहे खाल्ले. ताई तर्री दोनदा मागून घेते, लहानपणापासून.

कारखाना बंद, म्हणजे फॉर्मवर मालकाच्या सहीचा प्रश्न पुन्हा होताच. ज्याने बाबांना अडवलं तोच. फरक इतकाच की बंद पडलेल्या कारखान्याच्या बाबतीत राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, बँक मॅनेजर, लोकप्रतिनिधी अशांपैकी कुणाचीही साक्षांकित सही चालते, हे आम्हांला काउंटरवर कळलं. बाबांना तेव्हा कुणी सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असेल आणि तोवर त्यांचं मन उठलं असेल. नगरसेवकाची सही सोपी पडली असती, पण महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, नगरसेवक म्हणून कुणी उरलेलंच नव्हतं. शेवटी ताईचं खातं आहे त्या बँकेच्या मॅनेजरने सही दिली.

फॉर्म देऊन झाल्यावर एका रविवारी मी उगाचच हिंगण्याला जाऊन आले. सीताबर्डीहून लोकमान्य नगरची मेट्रो धरली. शंकर नगर, एलएडी चौक. पुढे अंबाझरीचं पाणी एका बाजूला चमकत राहतं, एसी गार, माणसं मोबाइलमध्ये. बाबा हाच रस्ता सायकलने मारायचे, उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा बांधून. रचना रिंग रोड गेलं आणि गाडीत घोषणा झाली, पुढील स्थानक वासुदेव नगर. मी दचकले. इतक्या वेळा नकाशात पाहिलं असेल, पण कधी डोक्यात आलं नव्हतं. दार उघडलं. फलाटावरच्या पाटीवर मराठीत आणि खाली इंग्रजीत. व्हीने सुरू, व्हीने शेवट. आधारसारखंच. मी फोटो काढेपर्यंत दार बंद झालं, फोटोत नुसती काच आली.

कारखान्याची जागा दादाने सांगितलेल्या खुणांवरून शोधली. तिथे आता गोदाम आहे. वॉचमनला विचारलं, पूर्वी इथे काय होतं? “मी आलो तवापासून गोदामच आहे जी.” फाटक नवीन होतं. कुलूप उघडं, कडीला लटकत होतं.

अर्ज एकदा परत आला, नावाच्या फरकासाठीच; ते प्रतिज्ञापत्र फाइलमध्ये होतं पण चुकीच्या पानाला टाचलेलं. चूक माझी. पोळ्याच्या आठवड्यात ताईच्या खात्यात त्रेसष्ट हजार तीनशे रुपये जमा झाले. आठ हजार नऊशे बारावरून. वर्गणी थांबलेल्या खात्यांचं व्याज मध्ये २०११ पासून बंद झालं होतं, २०१६ मध्ये नियम बदलला, तरी सदस्य अठ्ठावन्न वर्षांचा झाला की खातं पुन्हा निष्क्रिय धरतात; बाबा तोवर ते वय ओलांडून गेलेले. दादाने एक्सेलमध्ये हिशेब मांडून पाहिला आणि बरोबर आहे म्हणाला. त्याला एक्सेलशिवाय दुःख किंवा आनंद होत नाही.

तिघांत वाटायचे का, हे ताईने काढलं नाही आणि आम्हीही काढलं नाही. दादाने ग्रुपवर हात जोडलेले दोन इमोजी टाकले. माझ्या मनात आलं नाही असं नाही. भागिले तीन मी एकदा करून पाहिलं, एकवीस हजार शंभर, आणि मोबाइल पालथा ठेवला.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. ती बँकेतूनच बोलत होती, मागे टोकनचा आवाज येत होता. “एफडी करते आहे गं. नॉमिनी पोराला ठेवलं, पण तो लहान आहे, तर त्याच्या वतीने पैसे घेणारं एक मोठं माणूस लागते म्हणतात. तुझं नाव देते.”

“दे न.”

“इंग्रजी स्पेलिंग सांग बरं. आधारवर आहे तशीच सांग, एकेक अक्षर. आपल्या सवयीने नको.”

मी पर्समधून आधार काढलं आणि वाचायला लागले.